महास्नानगृहाचे गुरुजी

आधी चहा घ्या, बिस्कीट बुडवा, मग ऐका. मात्र बिस्किटाकडे लक्ष ठेवा. एकदा वस्तू तळाला गेली की वर काढताना काय हाल होतात, हे माझ्याइतकं अख्ख्या मीरा रोडमध्ये कुणाला ठाऊक नाही.

गाढवपणा माझाच होता. हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, म्हणजे शेवटी तुम्हाला बोट दाखवायचे कष्ट नकोत.

आम्ही राहतो शांती नगरमध्ये. गिरगावातून इकडे आलो त्याला वीसेक वर्षं झाली. नोकरी विम्याच्या ऑफिसात, पण जीव सगळा इतिहासात. माझी बायको वंदना म्हणते, "ह्यांना लग्नाची तारीख आठवत नाही, मोहेंजोदडोची गटारं मात्र पाठ!" आता खोटं कशाला बोलू? आहेतच ती गटारं पाठ करण्यासारखी.

आमच्या सोसायटीचा गणपती पाच दिवसांचा. दरवर्षी देखावा असतो. यंदा देखाव्याच्या मीटिंगमध्ये मी हात वर केला आणि म्हटलं, "प्राचीन संस्कृतींची तुलना करू. इजिप्त, मेसोपोटेमिया आणि आपली सिंधू. तिघीही नदीकाठच्या, तिघीही साधारण एका काळातल्या. कोण काय बांधत होतं, ते लोकांना दाखवू."

आमचे मंडळाचे अध्यक्ष जिग्नेशभाई खुर्चीतून अर्धे उठले. "अरे वाह सुभाषभाई! फिर तो पिरॅमिड बनाते हैं. बीस फूट का! अंदर ममी, उपर लाल लाईट!"

हेच नको होतं मला. पिरॅमिड म्हटलं की माझं डोकं फिरतं. "जिग्नेशभाई, पिरॅमिड यानी क्या? मरे हुए राजा का फ्लॅट! मेसोपोटेमिया में क्या, मंदिर एकदम आसमान तक, और नीचे पब्लिक धूल में. और अपने सिंधूवालों ने क्या किया? ना राजा का बडा महल, ना बडी कबर. आम आदमी के घर में बाथरूम दिया, बाथरूम! गली में ढका हुआ गटर दिया!"

"वो ठीक है," जिग्नेशभाई शांतपणे म्हणाले, "लेकिन गटर देखने कौन आएगा? वो तो रोज देखते हैं."

सगळी मीटिंग हसली. मीही हसलो, पण आतून चिडलो. आणि चिडलेला माणूस जे करतो तेच मी केलं. भलतंच मोठं काहीतरी कबूल करून बसलो. म्हटलं, मोहेंजोदडोचं महास्नानगृह बांधतो, खऱ्या विटांचं, खऱ्या पाण्याचं!

"स्विमिंग पूल बोलो ना फिर," जिग्नेशभाई म्हणाले, आणि ठराव पास झाला.

बांधायला आले खारी गावचे धनाजीदादा. वय सत्तरीकडे झुकलेलं. तरुणपणी मिठागरावर काम केलेला माणूस, त्यामुळे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. गेटाजवळच्या पार्किंगमध्ये त्यांनी कमरेइतक्या उंचीचा हौद रचला, आत ताडपत्री घातली, दोन बाजूंनी पायऱ्या काढल्या. दोन गाड्यांची जागा गेली, दोन गाडीवाले माझ्याशी बोलायचे थांबले. चालायचंच.

मी एका गोष्टीवर अडून बसलो होतो. मूळ महास्नानगृहाला पाणी सोडायला कोपऱ्यात वाट आहे, तशी आपल्यालाही हवी, लाकडी बुचाने बंद होणारी. तिथून विटांची नाली, आणि नालीत मध्येच गाळ बसायला खड्डा.

धनाजीदादांनी विचार केला. "खड्डा कशाला, सायेब? मटका पुरतो. मिठागरावं आमी असाच गाल बसवायचो. तुमच्या त्या लोकांना ह्ये कुनी शिकवलं?"

मी म्हटलं, "दादा, त्यांनीच तुम्हाला शिकवलं असेल."

"न्हाय वो," दादा म्हणाले, "मला माझ्या बानं शिकवलं."

मटका पुरला. नाली थेट बागेतल्या झाडांपर्यंत नेली. जिग्नेशभाई येऊन बघून गेले आणि म्हणाले, "इतने से पानी के लिए इतना लंबा नाटक?"

आता ह्या सगळ्यात पारकरकाकू कुठे आल्या? आल्या, आल्या. त्यांच्याशिवाय हा किस्सा नाही.

पारकरकाकू आमच्या शेजारच्या. मूळच्या रत्नागिरीच्या. काका जाऊन आठ वर्षं झाली, मुलगा अजय बंगलोरला. घरात दीड दिवसाचा गणपती असतो. मूर्ती वीतभर, शाडूची, पण काकूंचा थाट मोठा. त्या मूर्तीच्या मुकुटाला दरवर्षी एक सोन्याची जास्वंद बांधतात. पारकरकाकांनी नोकरी लागल्यावर पहिली वस्तू घडवली ती ही. पाच पाकळ्या, पातळ पत्र्याच्या. एका पाकळीवर दाताचा व्रण आहे. अजय रांगत होता तेव्हा त्याने ती चावली होती. काकू दरवर्षी ते फूल दीड दिवसापुरतं बाहेर काढतात आणि बाकी वर्षभर डबीत ठेवतात. काका गेल्यावर मी एकदा त्यांना ती डबी मांडीवर घेऊन बसलेलं पाहिलंय, त्यामुळे त्या फुलाची मला नीट कल्पना होती.

यंदा काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. आठवडाच झाला होता. काळा चष्मा, वाकायचं नाही, बारीक काम करायचं नाही. अजयला रजा मिळाली नाही. मग पहिल्या दिवशी मीच जाऊन लाल दोऱ्याने फूल मुकुटाला बांधलं, त्यावर एक खरी जास्वंद खोचली.

"सुभाष," काकू म्हणाल्या, "विसर्जनाआधी आठवणीने काढ हो. मला ती गाठ दिसायची नाही."

"काकू, हे काय सांगणं झालं? उद्या दुपारी येतो, फूल काढतो आणि तुम्हाला रिक्षाने पालिकेच्या तलावावरही नेतो. तुम्ही निर्धास्त राहा."

निर्धास्त! हा शब्द लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी माझं प्रदर्शन किती जणांनी पाहिलं असेल? तीन जणांनी. त्यातले दोघे लिफ्टची वाट बघत होते आणि तिसरीला मी लग्नाची बायको म्हणतो. इजिप्त, मेसोपोटेमिया, सिंधू असे तीन मोठे फलक मी दोन महिने खपून लिहिले होते. लोक त्यांना पाठ टेकून सेल्फी काढत होते!

मग मी ठरवलं, उद्या स्वतःच उभं राहायचं. वेष करून! मोहेंजोदडोत सापडलेला तो छोटा पुतळा तुम्ही पुस्तकात पाहिला असेल. एक खांदा झाकलेली शाल, तिच्यावर तीन पाकळ्यांची नक्षी, कपाळाला पट्टी, नीट कातरलेली दाढी आणि अर्धे मिटलेले डोळे. तो पुरोहित राजा.

वंदनाच्या जुन्या चादरीवर बटाट्याच्या ठशाने नक्षी उठवली. दाढी नाटकवाल्याकडून आणली. ती वंदनाने गोंदाने माझ्या हनुवटीला चिकटवली आणि म्हणाली, "चष्मा?"

"साडेचार हजार वर्षांपूर्वी चष्मा नव्हता," मी म्हटलं आणि तो टेबलावर ठेवला.

माझा नंबर किती, विचारू नका. चष्म्याशिवाय मला समोरचा माणूस आहे की फ्रिज, एवढंच कळतं. पण एक फायदा झाला. नीट दिसावं म्हणून मी डोळे बारीक केले, आणि हुबेहूब तो पुतळा दिसायला लागलो.

ह्या दाढीच्या भानगडीत दुपारचा एक वाजला. "काकूंकडे जायचंय," मी म्हटलं. मग म्हटलं, खाली एक फेरी मारतो आणि येतो. पाच मिनिटं!

खाली महास्नानगृहाच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. गेटबाहेर आमच्या प्रदर्शनाचे बाण लावले होते. तेवढ्यात ताशा वाजवत एक टेम्पो आत आला. जवळच्या हाटकेश वस्तीतलं कुटुंब, दहा-बारा माणसं, पुढे एकाच्या हातात काहीतरी धरलेलं. एवढी माणसं प्रदर्शनाला! माझा ऊर भरून आला. मी हात उंचावून सुरू केलं, "या, या! हे आहे जगातलं सर्वांत जुनं…"

त्यांनी काय पाहिलं असेल, तुम्हीच सांगा. विसर्जनाचा दिवस. पाण्याने भरलेला हौद, उतरायला पायऱ्या. आणि शेजारी उघड्या खांद्याचा, दाढीवाला, डोळे मिटून हात उंचावलेला माणूस. शहरात गल्लोगल्ली विसर्जनाचे कृत्रिम तलाव असतात, त्यातलाच हा एक. आणि मी? मी गुरुजी.

"गुरुजी, आरती उरकतो हं," टेम्पोतला एक जण म्हणाला आणि आरती सुरूही झाली.

मी ओरडलो, "अहो, हे प्रदर्शन आहे!" ताशात कुणाला ऐकू जाणार? आरती संपली, त्यांच्यातली एक म्हातारी बाई वाकली आणि तिने माझ्या पायाला हात लावला.

इथे माझं चुकलं. अठ्ठावीस वर्षं विमा विकतोय मी. लोक मला बघून रस्ता बदलतात, आणि इथे पायाला हात! तोंडातून निघालंच, "कल्याणमस्तु." मग ती भरल्या आवाजाची बाई हातात मूर्ती घेऊन उभी. तिला काय सांगू, की बाई, ही सिंधू संस्कृती आहे, पुढच्या चौकात जा? घेतली मूर्ती, दोन पायऱ्या उतरलो, हलकेच सोडली.

मंत्र पुटपुटणं भाग होतं, आणि मंत्र येत होते कुणाला? जे पाठ होतं ते म्हटलं. "लोथल, धोलावीरा, कालीबंगन, राखीगढी…" चालीत, नाकातून, भक्तिभावाने. शेवटी मला येणारं एकमेव "पुनरागमनाय च". सगळे म्हणाले, "मोरया!"

एक टेम्पो थांबलेला पाहून रिक्षा थांबली. रिक्षा पाहून स्कूटर थांबली. अर्ध्या तासात रांग लागली हो! मी नियमसुद्धा घालून दिले. फूटभरापेक्षा मोठी मूर्ती पालिकेच्या तलावावर, लहान शाडूची तेवढी इथे, निर्माल्य डावीकडच्या टोपलीत. रांगेतले लोक वेळ जात नव्हता म्हणून फलक वाचत होते! एकाने तर मला विचारलं, "गुरुजी, मेसोपोटेमियात गणपती होते का?" मी म्हटलं, "नव्हते, म्हणून तर बुडाले." इतकं बेजबाबदार विधान मी आयुष्यात केलेलं नाही, पण लोकांनी माना डोलावल्या.

त्या गर्दीत एक चमकतं ताम्हण पुढे आलं. त्यात वीतभर लालसर काहीतरी. कुणीतरी म्हणालं, "हलक्या हाताने हो, गुरुजी." मी मान हलवली, कोपऱ्यातल्या वाटेशी उतरलो, लोथल-धोलावीरा म्हटलं आणि सोडून दिलं.

साडेसहाला वर आलो. अंगात काय आनंद! वंदना दाढी सोडवायला खोबरेल तेल शोधत होती. मी चष्मा चढवला, चहा हातात घेतला आणि म्हटलं, "वंदना, आज इजिप्त हरलं."

तेवढ्यात उघड्या दारातून काकू चाचपडत आत आल्या. काळा चष्मा, हातात डबी.

"सुभाष, आहेस ना रे? फूल दे बाबा. डबीत ठेवते."

माझा कप तोंडापर्यंत येऊन थांबला. "काकू… तुमचा गणपती?"

"झालं की विसर्जन. तुझी वाट बघितली, मग म्हटलं तू कामात असशील. हार काढून ठेवला, मूर्ती ताम्हणात घेतली आणि आले खाली. फूल तू खालीच काढून घेशील, म्हणून मुकुटाला हात लावला नाही. तुझ्या तलावावर गुरुजी होते ना, त्यांच्याकडे दिली."

ताम्हण! माझ्याच हातांनी, कोपऱ्यातल्या पाण्यात, मंत्र म्हणून! पारकरकाकांचं फूल मी बुडवलं होतं.

"आणतो हं काकू," मी म्हटलं. "खाली… सोसायटीच्या ऑफिसच्या कपाटात ठेवलंय, सुरक्षित!"

"अहो, दाढी!" वंदना ओरडली. पण मी चादर सावरत जिन्यात पोचलो होतो.

खाली जाऊन बघतो तर हौद रिकामा! जिग्नेशभाई हातात लाकडी बूच घेऊन विजयी मुद्रेने उभे. "सुभाषभाई, दीवार फूल रही थी. गाडियों पे गिर जाती! मूर्तियां तो घुल गई थीं, मैंने पानी बगीचे में छोड दिया."

मी हौदात उडी मारली. तळाला शाडूचा गाळ. दोन्ही हातांनी तो उपसला, चाळला, बोटांनी कुरतडला. अक्षता सापडल्या, सुपारी सापडली, कुणाची तरी बांगडी सापडली. फूल नाही. पुन्हा चाळला. नाही.

खोटं सांगत नाही, त्या वेळी मला रडू येत होतं. सोनाराकडून नवीन फूल घडवून देता आलं असतं हो. पण दाताचा व्रण कुठून आणणार? आठ वर्षं ती बाई ज्या डबीकडे बघून दिवस ढकलते, ती डबी माझ्यामुळे रिकामी. आणि का? तर पायाला चार जणांनी हात लावले म्हणून!

धनाजीदादा दिवसभराची गंमत बघत कट्ट्यावर बसले होते. म्हणाले, "काय हरवलं, सायेब?"

मी सांगितलं. कुठे सोडलं, तेही सांगितलं.

"मंग हितं काय चिवडताव? त्या कोपऱ्यातला गाल पयल्या लोंढ्यात भायेर गेला. सोना जड हाय, बागेपरयंत न्हाय जायाचा. मटका बगा."

मटका! मी नालीकडे धावलो, पालथा पडलो आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. गाळ, गाळ, गाळ. मग काहीतरी टोचलं. बाहेर काढलं, चादरीला पुसलं. एक, दोन, तीन, चार, पाच पाकळ्या. पाचवीवर दाताचा व्रण.

जीव भांड्यात पडतो म्हणतात ना? माझा मटक्यात पडला. मी तिथेच नालीत बसलो आणि हसायला लागलो, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. धनाजीदादांचे पाय धरले. ते घाबरून मागे सरकले.

जिग्नेशभाईंनी फूल बघितलं, मटका बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "सुभाषभाई, मान गए आपके गटर को. पिरॅमिड में जाता तो?"

"पिरॅमिड का सोना सिर्फ चोर को मिलता है," मी म्हटलं. इतक्या हालातही तुलना सोडली नाही!

नळाखाली फूल धुतलं, श्वास घेतला आणि वर गेलो. काकू आमच्याकडेच चहा घेत बसल्या होत्या. मी फूल त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी काळ्या चष्म्यामागून काही बघितलं नाही, बोटांनी एकेक पाकळी चाचपली. व्रणाशी बोट थांबलं, आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"ओलं आहे रे."

"धुतलं, काकू. हळद-कुंकू लागलं होतं."

"असं होय," त्यांनी डबी मिटली. "ते गुरुजी कुठले रे?"

आता गप्प बसावं की नाही? पण सुटल्याच्या आनंदात माझी जीभ सुटली. "कोण जाणे काकू! हल्ली कुणीही उठतं आणि गुरुजी होतं. जबाबदारी म्हणून नाही. मूर्ती हातात घेतल्यावर दागिना राहिलाय का, एवढं तरी बघावं ना माणसाने?"

वंदना कपात तोंड घालून बसली होती. तिचे खांदे हलत होते.

"छे, छे," काकू म्हणाल्या, "माणूस भला होता. मंत्र मात्र नवीन हो. लोथल, धोलावीरा, राखीगढी… आमच्या रत्नागिरीत कधी ऐकले नव्हते. इथे मात्र वीस वर्षं भिंतीपलीकडून रोज ऐकतेय."

मी हनुवटीला हात लावला. दाढी होती. अर्धी लोंबत होती, तिला गाळ लागला होता.

"काकू… तुम्ही ओळखलंत मला?"

"दिसलं काहीच नाही रे. आवाज ओळखला. म्हणून तर फुलाचं पुन्हा विचारलं नाही. म्हटलं, परका गुरुजी असता तर काळजी. हा तर आपला सुभाष, निर्धास्त राहावं."

मी लोंबणारी दाढी पुन्हा हनुवटीला दाबून बघितली. काकू डबी छातीशी धरून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"पुढच्या वर्षी पण तूच ये हो सुभाष, मंत्र म्हणायला. फूल काढायचं मी वंदनाला सांगते."

वंदनाने तेलाचं बूच उघडलं, पण तेल लावायच्या आधीच दाढी धरून खस्सकन ओढली. फार दुखलं. मी दुसरा गाल पुढे केला.